होला ओळखता येतो, मग माणूस का ओळखता येत नाही?

गेल्या काही वर्षांत रात्रीच्या शिकारीचे व्हिडिओ आपल्या पोरांच्या मोबाईलवर सर्रास फिरतात. काळाकुट्ट अंधार, बाभळीचे झाड, बॅटरीचा झोत आणि त्या झोतात अंगाचा गोळा करून बसलेला होला. मग बेचकीचा नाहीतर छर्‍याच्या बंदुकीचा आवाज. शेवटी पोते उपडे करून ‘आज किती पडले’ याची मोजणी. त्याखालचे भांडणही ठरलेले असते. एक बाजू म्हणते, ‘या जंगली लोकांना आत टाका, पक्षी संपवले यांनी.’ दुसरी बाजू, आणि यात आपली जय भीमवाली पोरे पुढे असतात, म्हणते, ‘आमच्या ताटात काय असावे हे सांगणारे तुम्ही कोण?’

या भांडणात मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. पहिली बाजू पक्ष्याच्या नावाने एका अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवते. दुसरी बाजू पारध्याच्या भुकेचे नाव घेऊन स्वतःचा शौक खपवते. भुकेपोटी फास लावणारा आणि मौजेपोटी बॅटरी मारणारा यांच्यात फरक करायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. कायदा तो फरक करत नाही. निसर्गप्रेमी करत नाहीत. आणि आता आपणही करेनासे झालो आहोत. हा लेख त्याबद्दल आहे.

अंधारात होला ओळखणे

आधी ज्या कामाला ‘जंगलीपणा’ म्हणतात ते काम काय आहे ते पाहू.

गावाकडे होला, व्हला, कवडा अशी नावे सरसकट वापरतात, पण आपल्याकडे नेहमी दिसणारे होले चार प्रकारचे आहेत. ठिपकेदार होल्याच्या मानेच्या मागच्या बाजूला काळा पट्टा असतो आणि त्यावर पांढरे ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे. भोरी त्याहून लहान, वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि तिची नक्षी मानेच्या मागे नसून पुढे, गळ्याच्या बाजूला तांबूस-काळी असते. पठारी होला फिकट राखाडी, त्याच्या मानेमागे काळी बारीक अर्धी कंठी. तांबड्या होल्यालाही अशीच कंठी असते, पण तो आकाराने छोटा, शेपटीने आखूड, आणि या चौघांत नर-मादीचा रंग ठळकपणे वेगळा असलेला तोच एक. नर विटकरी तांबडा, डोके राखाडी, मादी मातकट. यांच्याशिवाय विहिरीत, देवळात, पुलाखाली राहणारा पारवा वेगळा. त्याच्या पंखावर दोन काळ्या पट्ट्या आणि मानेवर हिरवी-जांभळी झाक. पिवळ्या पायांचा हरियाल तर आपला राज्यपक्षीच.

ही झाली दिवसाची ओळख, पुस्तकातली. रात्री यातले बरेचसे निरुपयोगी ठरते. होला इतर पुष्कळ पक्ष्यांसारखा चोच पंखात खुपसून झोपत नाही. तो पिसे फुलवतो आणि मान खांद्यांत ओढून घेतो. म्हणजे ज्या मानेच्या खुणेवरून त्याची जात सांगायची ती मानच दिसत नाही. झाडाखाली उभ्या माणसाला दिसते पोट आणि शेपटीची खालची बाजू. पठारी होल्याची शेपटी खालून अर्धी काळी, अर्धी पांढरी. ठिपकेदाराची काळसर आणि टोकाला पांढरी. डोळ्याचीही खूण आहे. रातव्याचा डोळा उजेडात निखाऱ्यासारखा लाल चमकतो, कारण त्याच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा पडदा असतो. होल्याच्या डोळ्यात तो नसतो. डोळा पेटला तर तो होला नव्हे. पिंगळा असेल तर तो मान खालीवर करून आपल्याकडेच रोखून पाहतो.

शेपटीच्या टोकावरून, बसण्याच्या ढबीवरून, डोळा पेटला की नाही पेटला यावरून अंधारात पक्ष्याची जात सांगणे ही विद्या आहे. ज्यांच्या पिढ्या माळावर गेल्या त्यांच्याकडे ती आहे. फासेपारधी तितर आणि लावा आवाजावरून शोधतो, त्याच्या चालण्याच्या वाटा ओळखतो, फास कुठे टाकायचा आणि कुठे टाकायचा नाही हे जाणतो. ही विद्या विद्यापीठात शिकवली तर तिला पक्षिशास्त्र म्हणतात. पारध्याच्या पोराला ती आली तर तो पोलिसांच्या नजरेत ‘सराईत’ ठरतो.

हात तोच, नाव वेगळे

हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. भारतातल्या पक्षिशास्त्राचा इतिहासच तसा आहे. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली आले आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यावरून पक्षी ओळखायला शिकले. या माणसाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण ते स्वतः लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारत होते आणि अशाच एका मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची चौकशी करत ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचले, ही हकिगत आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. मुलाच्या हातात बंदूक होती, चिमणी मेली, आणि त्यातून शास्त्रज्ञ घडला. चांगले झाले. आता माळावरच्या पालातल्या एखाद्या पोराच्या हातात मेलेला होला बघा. त्याची चौकशी करायला कोण येते? वनरक्षक आणि हवालदार.

याच सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला, तेव्हा पक्षी जिवंत आणि न दुखावता पकडणार कोण हा प्रश्न होता. ते काम बिहारच्या मीरशिकार या पारंपरिक पक्षी पकडणाऱ्या समाजातल्या लोकांनी केले. त्यांतल्या अली हुसेन यांचे नाव आज पक्षिअभ्यासकांना ठाऊक आहे. जाळे तेच, हात तेच, नजर तीच. पगार आणि मान मिळाला की ती विद्या शास्त्राच्या कामी आली. आपल्या अकोला-वाशिम भागातही फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी शोधण्याचे आणि राखण्याचे काम केले आहे. जो पकडू शकतो तोच राखू शकतो, कारण पक्षी कुठे आहे हे त्यालाच माहीत असते.

मग उरलेल्या हजारो पारध्यांना ही संधी का नाही? कारण आपल्या समाजात विद्येची किंमत ती विद्या कोणाच्या अंगी आहे यावर ठरते. जातिव्यवस्थेची याहून साधी व्याख्या मला माहीत नाही.

परवान्याची शिकार आणि बिनपरवान्याची भूक

आता कायद्याकडे येऊ. ‘कायदा सर्वांना समान’ हे वाक्य ऐकले की आपल्या माणसाने आधी विचारावे, कधीपासून?

१९३८ साली भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा लपवलेला नाही. तिथल्या दगडी फलकांवर अशा शिकारींच्या नोंदी कोरून ठेवल्या आहेत आणि आज ते उद्यान जागतिक वारसा आहे. पर्यटक त्या फलकापुढे उभे राहून फोटो काढतात. त्याच काळात पारधी, कैकाडी, टकारी अशा कित्येक जमातींची माणसे १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अमलाखाली पोलिसांकडे हजेरी लावत होती. साहेबाने दिवसाला चार हजार मारले ते शौर्य, पारध्याने चार मारले तो जन्मजात गुन्हेगारीचा पुरावा.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कागदावर विमुक्त झाल्या. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. हा कायदा पहिल्या दिवसापासून शिकारीवर सरसकट बंदी घालणारा होता असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते. होले चौथ्या अनुसूचीत, म्हणजे ‘छोट्या शिकारी’च्या यादीत होते. परवाना काढा आणि मारा. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने बंद झाले. म्हणजे जवळजवळ १९ वर्षे या देशाच्या कायद्याने होला मारणे हा गुन्हा की छंद हे तुमच्या खिशातल्या कागदावर ठरवले. कागदाला पत्ता लागतो, अर्ज लागतो, ओळख लागते. बंदूकवाल्या बागायतदाराकडे हे सगळे होते. आज या गावात आणि उद्या त्या गावात ज्याचे पाल, त्याच्याकडे काय होते? शौकीन लोकांनी आपली हौस भागवून घेतली, जीपच्या उजेडात रात्री ससे आणि तितर मारून झाले, माळ रिकामा झाला, आणि मग सर्वांना समान बंदी आली.

आज शिक्षा काय आहे? तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंडाची कमाल मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीने २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली आहे. बंगल्यात राहणाऱ्या शौकिनाला एक लाख म्हणजे एका सहलीचा खर्च. पालात राहणाऱ्याला एक लाख म्हणजे सावकार आणि वेठ.

त्यातही कलम ५७ बघा. तुमच्या ताब्यात वन्यप्राणी किंवा त्याचे मांस सापडल्याचे सिद्ध झाले, तर तो ताबा बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे तुम्ही सिद्ध करायचे. हे कुठेतरी ऐकल्यासारखे वाटते ना? २०१५ मध्ये आलेल्या महाराष्ट्राच्या गोवंश कायद्यातही आरोपीवर असाच भार टाकणारे कलम होते. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या निकालाचे आपण स्वागत केले, पोस्टर लावले. मग पारध्याच्या डोक्यावर तसाच भार आहे त्याबद्दल आपल्या एकाही मोर्च्यात घोषणा का नाही?

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा आदिवासींवरचा ऐतिहासिक अन्याय दूर करायची भाषा झाली. त्या कायद्याने पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. वन्यजीवांच्या दृष्टीने त्याला कारण आहे, हे मी मान्य करतो. पण ज्या जमातीची सगळी परंपराच सापळा आहे, तिच्या पदरात त्या कायद्याने नेमके काय पडले? जमीन नाही, कारण ती एका जागी राहिली नाही. वन नाही, कारण ती माळावर राहिली. फास होता, तो काढून घेतला. बदल्यात काही द्यावे हे कोणाला सुचले नाही.

शाप कोणाला, सहानुभूती कोणाला

हे फक्त इंग्रजांचे किंवा वनखात्याचे पाप नाही. या भूमीतल्या ‘काव्याची’ सुरुवातच एका निषादाला शाप देऊन झाली अशी आख्यायिका आपल्याला शाळेत शिकवतात. क्रौंचाच्या जोडीतला एक पक्षी निषादाने मारला, ऋषीला शोक झाला, शोकाचा श्लोक झाला. निषादाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती का, हा प्रश्न त्या कथेत कोणी विचारत नाही.

त्याच रामायणात दशरथाची गोष्ट आहे. राजा रात्रीच्या अंधारात शिकारीला गेला. नदीवर घागर बुडल्याचा आवाज आला, त्याला वाटले हत्ती पाणी पितो आहे. त्याने न बघता, न ओळखता बाण सोडला आणि आंधळ्या आईबापांचा मुलगा मेला. वाल्मीकीच्या कथेत तो मरता मरता राजाला सांगतो की मी ब्राह्मण नाही, माझी आई शूद्र आणि बाप वैश्य आहे. म्हणजे ब्रह्महत्येचे पातक लागेल म्हणून घाबरू नकोस. मरणाऱ्यालाच मारणाऱ्याचे समाधान करावे लागते! आंधळ्या बापाने दशरथालाही शाप दिला, हे खरे. पण वाचकाचे अश्रू कोणासाठी राखलेले आहेत? पुत्रवियोगाने तळमळणाऱ्या राजासाठी. दिवसाढवळ्या पक्षी मारणारा निषाद कायमचा शापित, आणि अंधारात ओळख न पटवता माणूस मारणारा राजा करुण नायक. आजच्या बातम्या याच चष्म्यातून लिहिल्या जातात. अभयारण्याशेजारच्या फार्महाउसवर बंदुका सापडल्या तर ‘हौस’, पालात फास सापडला तर ‘टोळी’.

माणसांची ओळखपरेड

पक्ष्याची जात ओळखायला मानेची खूण, शेपटी आणि आवाज पाहतात. पारध्याची ‘जात’ ओळखायला व्यवस्थेनेही खुणा ठरवल्या आहेत. भाषा वेगळी, कपडा वेगळा, पाल गावाबाहेर. गावात चोरी झाली की पहिली धाड त्या पालावर. पारधी वस्त्यांवर काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, हे त्याच्यासाठी नवीन नाही.

ओळख चुकली तर काय होते याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. २००३ मधल्या एका दरोडा आणि खून प्रकरणात महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि ती गोष्ट दडवली गेली होती, हे तेव्हा समोर आले. माणसांची आयुष्ये फासाच्या सावलीत गेली, कारण ‘असेच लोक असतात’ ही ओळख आधीच पक्की होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्त जमातींना जन्माने सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही त्यात आल्या. म्हणजे १९५२ नंतर ७२ वर्षे ती भाषा तुरुंगाच्या पुस्तकांत जिवंत होती. विमुक्त दिनाचे स्टेटस ठेवताना हे लक्षात असू द्या.

आणि कागदाचे काय? महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत आहे. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबाला एका गावात राहू दिले नाही, ज्याचे नाव शाळेच्या दाखल्यावर कधी चढले नाही, त्याने १९५० चा कागद कुठून आणायचा? अशा अनेकांच्या आजोबांची नोंद सरकारकडे असेल, तर ती पोलिसांच्या दप्तरात. हजेरी घ्यायला सरकारने त्यांना बरोबर ओळखले होते. दाखला द्यायची वेळ आली की ओळख पटत नाही.

आता आपल्या पोरांशी बोलतो

इथपर्यंत वाचून ज्यांनी माना डोलावल्या त्यांच्यासाठी पुढचा भाग थोडा कडू आहे.

बॅटरी घेऊन रात्री होले पाडणारा प्रत्येक जण पारधी नाही. त्यात आपल्या वस्तीतली पोरे आहेत, बारावी झालेली आहेत, पदवीवाली आहेत, गळ्यात निळा पंचा घालून मिरवणुकीत पुढे असणारी आहेत. त्यांच्या घरी चूल पेटायची थांबलेली नाही. चार होल्यांचे मांस काढले तर एका माणसाचे पोट भरणार नाही, आणि त्यासाठी लागणाऱ्या पेट्रोलच्या पैशात बाजारातून कोंबडी येते. मग ते का मारतात? मोजणीसाठी, व्हिडिओसाठी. साहेबाने दगडावर आकडा कोरला, आपण मोबाईलवर टाकतो. वृत्ती तीच आहे.

यावर उत्तर येते, ‘मांसाहार ही आमची संस्कृती आहे, ब्राह्मणी शाकाहार आमच्यावर लादू नका.’ शाकाहाराच्या सक्तीविरुद्ध मी तुमच्या बरोबर आहे. बैलाचे मांस खाणाऱ्याला झुंडीने मारले तेव्हा आपण रस्त्यावर होतो आणि पुन्हा असू. पण खाण्याचा हक्क आणि मारण्याची मौज यांची सरमिसळ करू नका. या दोन्हींना एकच म्हणणे हा खरे तर आपल्या विरोधकांचा डाव आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा प्रश्न सरळ हाताळला आहे. बुद्धाची अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे, आणि तत्त्व माणसाला विचार करून वागण्याची मोकळीक देते, असे ते समजावतात. त्यांनी तिथे फरक केला आहे तो मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत. गरजेपोटी झालेल्या हत्येवर बुद्धाने सरसकट बंदी घातली नाही. ज्या हत्येमागे नुसती मारण्याची इच्छा आहे ती त्याने नाकारली. यज्ञातल्या कत्तलीला विरोध याच पायावर उभा आहे. जैनांची टोकाची अहिंसा आणि ब्राह्मणी यज्ञाची हिंसा या दोन्हींच्या मधला हा मार्ग आहे.

हा निकष लावून बघा. तीन दिवस मजुरी न मिळालेल्या पारध्याने लेकरांसाठी फास लावला, ती गरज आहे. त्याला तुरुंगात टाकून ती गरज संपत नाही, वाढते. भरल्या पोटी बॅटरी घेऊन निघणे ही इच्छा आहे. तिचे समर्थन धम्मात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. त्या आपण दरवर्षी मोठ्याने म्हणतो. हिंदू देव नाकारण्याच्या प्रतिज्ञा तेवढ्या पाठ आणि ही विसरली, असे चालणार नाही.

रात्रीच्या शिकारीत आणखी एक गोष्ट आहे. होल्याच्या जोडीत दोघेही अंडी उबवतात, पण पाळ्या ठरलेल्या असतात. दिवसाचा मोठा भाग नर बसतो, रात्रभर मादी. घरटे म्हणजे चार काटक्यांची विरळ चटई, त्यात दोन अंडी. पिले निघाली की आईबाप दोघेही आपल्या गळ्यातल्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे सत्त्व त्यांना भरवतात. म्हणजे रात्री घरट्यावर बसलेला होला पाडला, तर बहुतेक वेळा मादी पडते आणि तिच्याखालची अंडी किंवा पिले जागीच संपतात. होले जवळपास वर्षभर विणीत असतात, त्यामुळे ‘हंगाम नाही’ ही सबबही टिकत नाही. होला आज नामशेष होणाऱ्यांच्या यादीत नाही, हे खरे. पण एखादा जीव उरला आहे म्हणून त्याला मौजेसाठी मारावे, हा युक्तिवाद आपण माणसांच्या बाबतीत ऐकून घेऊ का?

अशोकाचे उदाहरण आपण नेहमी देतो, ते नीट देऊ. त्याने पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना अभय दिले त्यांत पांढरे कपोत आणि गावकपोत यांची नावे आहेत. पण सुरुवात त्याने प्रजेपासून केली नाही. स्वतःच्या मुदपाकखान्यातली हत्या कमी केली, राजाच्या शिकारीच्या सहली बंद करून धम्मयात्रा सुरू केल्या, हे त्याचेच शिलालेख सांगतात. अटवीतल्या लोकांना त्याने तंबीही दिली होती, तेही लपवण्याचे कारण नाही. तरीही क्रम लक्षात घ्या: आधी सत्ताधाऱ्याचा शौक बंद, मग इतरांना नियम. आधुनिक भारताने हा क्रम उलटा केला. आपण तो सरळ करायचा असेल तर आधी आपल्या पोरांच्या हातातली बेचकी खाली गेली पाहिजे.

मग करायचे काय

पहिले, आपल्या वस्तीत रात्रीची शिकार बंद. पोलिसाच्या भीतीने नव्हे, धम्माच्या समजुतीने. विहारात मुलांना जमवून हेच चार होले दिवसा ओळखायला शिकवा. नजर तीच वापरायची, बेचकीशिवाय.

दुसरे, पारध्याला पक्ष्यासाठी पकडले की आपल्या कार्यकर्त्याने ठाण्यात जायचे. जामीन, वकील आणि विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज ही कामे आपल्याला येतात. पंचनामा वाचायचा. त्यात नुसते ‘पक्षी’ लिहिले आहे की जात लिहिली आहे? कायदा प्रजातीच्या नावाने चालतो. १९७२ च्या मूळ चौथ्या अनुसूचीत होले होते, पण साधा पारवा वगळलेला होता. म्हणजे हातातला पक्षी होला की पारवा, यावर माणूस आत की बाहेर हे ठरू शकत होते. ज्याला हा फरक सांगता येत नाही त्याने केलेला पंचनामा आणि ज्याला अंधारातही तो सांगता येतो तो आरोपी! पक्षी कोणी ओळखला, कशावरून ओळखला, हा प्रश्न ठाण्यातही विचारा आणि कोर्टातही.

तिसरे, मागणी करायची ती नोकरीची. पक्षिगणना, माळरानाची राखण, वाटाडे, वनखात्याची हंगामी कामे यांत पारध्यांना प्राधान्य मिळाले पाहिजे, आणि तेही रोजंदारीच्या भिकेवर नव्हे, कुशल कामगाराच्या दराने. दाखल्यासाठी १९५० च्या कागदाचा हट्ट सोडून गृहचौकशी आणि पोलिसांकडच्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून धरल्या पाहिजेत. ज्या दप्तराने आजोबाला गुन्हेगार ठरवले त्याच दप्तराने नातवाला दाखला मिळू दे.

चौथे, आणि हे आपल्यासाठी. १९३६ साली ‘जातीचे निर्मूलन’ लिहिताना बाबासाहेबांनी आदिम जमातींच्या हलाखीचा दोष त्या जमातींना दिला नाही. जातीत बंदिस्त असल्यामुळे जो समाज त्यांच्यापर्यंत गेला नाही, त्या हिंदू समाजाला दिला. आज तोच प्रश्न आपल्याकडे वळवून विचारा. बौद्ध वस्तीपासून पारध्यांचे पाल किती अंतरावर आहे? त्यांच्या लग्नाला आपण कधी गेलो? त्यांचे पोर आपल्या अभ्यासिकेत बसते का? की गावाने आपल्याला महारवाडा म्हणून बाहेर ठेवले, तसे आपणही त्यांना आणखी पलीकडे ढकलले?

पारध्याच्या भुकेचा हवाला देऊन होले मारणे सोपे आहे. पारध्याला भूक लागू नये म्हणून तहसीलवर बसणे अवघड आहे. पहिल्या कामाला बॅटरी लागते, दुसऱ्याला संघटना. आपल्याला यातले काय उभे करायचे आहे ते ठरवा, आणि या ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाच्या शुभेच्छा देण्याआधी जवळच्या पालावर जाऊन या.

जय भीम! नमो बुद्धाय!